मोटार हाकण्याची परीक्षा आणि खंबाटकीचा घाट

मोटार चालविण्याचा परवाना हा आता इतका सामान्य दस्तऐवज झाला आहे की, त्याच्यामागे एक परीक्षा आहे याचे भान परवाना हाती पडताच बहुतेकांस उरत नाही. वाहतुकीचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष सहसा रस्ते, पूल, कर व मालवाहतूक यांकडे जाते. वाहन हाकणाऱ्या मनुष्याची पात्रता कोणी, कशावरून व कोणत्या मापाने ठरविली हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा असून त्यासाठी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका हे निरीक्षणाचे ठिकाण म्हणून निवडले आहे. (लोणावळ्याजवळील, बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळा ते हे नव्हे. दोन्ही गावे घाटाच्या तोंडाशी आणि दोन्ही मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या हमरस्त्यावर असल्याने हा घोटाळा नित्याचा आहे.) निवडीचे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल. येथे एवढेच सांगतो की, परीक्षेच्या नियमांत ज्या दोन कृतींना प्रत्येकी एक लहानसे उपकलम मिळाले आहे, त्या दोन कृतींवरच या तालुक्यातून जाणाऱ्या रस्त्याची सारी सुरक्षितता अवलंबून आहे.

पुण्याहून दक्षिणेस जाणारा रस्ता शिरवळ येथे नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो, खंडाळा गावापर्यंत साधारण मोकळ्या प्रदेशातून जातो, आणि गाव मागे पडताच नीरा व कृष्णा यांच्या खोऱ्यांमधील डोंगररांग चढू लागतो. हाच खंबाटकीचा घाट. जुन्या लेखनात व बोलण्यात तो ‘खामटकी’ म्हणूनही येतो. घाट उतरला की वेळे, सुरूर ही गावे लागतात आणि वाईकडे फाटा फुटतो. तालुक्याच्या पूर्व अंगास लोणंदहून साताऱ्याकडे जावयाचे झाल्यास सालप्याचा घाट आहे. म्हणजे खंडाळ्याच्या रहिवाशास जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे तर कोणता ना कोणता घाट ओलांडणे भाग आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये, १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या साताऱ्याच्या खंडात, या खिंडींचा उल्लेख बैलगाड्यांच्या वाहतुकीच्या संदर्भात येतो. बैलगाडीच्या काळातही घाट चढणे व उतरणे ही दोन वेगळी कौशल्ये मानली जात. चढणीवर थांबावे लागले तर चाकाखाली दगड टाकणे आणि उतरणीवर गाडी बैलांच्या अंगावर येऊ न देणे, या गोष्टी गाडीवानाचा मुलगा बापाशेजारी बसून शिके. त्याची परीक्षा कोणी घेत नसे. अथवा असे म्हणावे की, तो पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन घाट उतरला की परीक्षा झाली.

मोटारीबरोबर परीक्षेची कल्पना आपोआप आली नाही. पॅरिस शहरात पोलीसप्रमुखाच्या १८९३ सालच्या आदेशाने यांत्रिक वाहन हाकणाऱ्यास दाखला घेणे आवश्यक झाले व त्यासाठी चालवून दाखविण्याची अट आली. इंग्लंडने मात्र १९०३ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला तो परीक्षेवाचूनच. पाच शिलिंग भरणारास परवाना मिळे. त्याचा हेतू मनुष्याची ओळख पटविण्याचा होता, त्याची लायकी ठरविण्याचा नव्हता. हिंदुस्थानात प्रथम प्रांतिक कायदे झाले (मुंबई इलाख्याचा १९०४ चा) आणि त्यानंतर १९१४ चा सबंध देशास लागू होणारा मोटार वाहन कायदा आला. या कायद्यानेही परवान्याची सक्ती केली, परंतु परवाना कोणत्या अटींवर द्यावयाचा हे ठरविण्याचे काम प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपविले. सारांश, या शतकाच्या आरंभीच्या तीन-चार दशकांत, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, ‘परवाना’ व ‘परीक्षा’ हे दोन शब्द आज जितके एकमेकांस चिकटलेले आहेत तितके ते नव्हते.

या काळात मोटार चालविण्याची खरी शाळा म्हणजे मोटारच होती. खेड्यातला पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर लागे. आमच्याकडे या शब्दाचे ‘किन्नर’ झाले आहे. काच पुसणे, पाणी भरणे, मालावर दोर आवळणे, घाटात गाडी थांबली की खाली उडी टाकून चाकामागे दगड सरकविणे, ही त्याची कामे. ड्रायव्हर हा त्याचा उस्ताद. उस्तादाच्या मनात आले म्हणजे मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ चाक हाती मिळे, पुढे रिकामी गाडी मिळे, आणि सर्वांत शेवटी भरलेली गाडी घाटात मिळे. या क्रमाला कोणताही छापील आधार नव्हता, पण त्यात एक मूल्यमापन दडलेले होते. उस्ताद जेव्हा घाटात चाक सोडी तेव्हा तो स्वतः त्याच गाडीत बसलेला असे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कायद्यात परीक्षेचा तपशील स्पष्टपणे अवतरला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात. या कायद्याची पार्श्वभूमी मुख्यतः आर्थिक होती. रेल्वे व मोटार यांची स्पर्धा, तिची चौकशी करणारा १९३२-३३ चा मिचेल-कर्कनेस अहवाल, १९३७ ची वेजवूड समिती, या सर्वांतून मोटार वाहतुकीस वेसण घालण्याची निकड सरकारला वाटू लागली होती. चालकाची परीक्षा हा त्या मोठ्या कायद्यातील एक कोपरा. पण तो कोपरा तिसऱ्या परिशिष्टाच्या रूपाने नीट आखलेला आहे. उमेदवाराने इंजिन सुरू करून दाखवावे. सरळ वा तिरपे निघून दाखवावे. इतर वाहनांस ओलांडणे, सामोरे जाणे अथवा त्यांचा मार्ग छेदणे ही कामे योग्य बाजूने करावीत. उजवी व डावी वळणे बिनचूक घ्यावीत. एकाएकी तसेच नेहमीच्या रीतीने गाडी थांबवावी. मागे जात असता अरुंद जागेत गाडी घालावी. पुढचा व उलटा गिअर वापरून गाडीचे तोंड फिरवावे. हाताच्या खुणा स्पष्ट व निःसंदिग्ध कराव्यात. आणि रस्त्यावरील चिन्हे व पोलिसाचे इशारे तत्काळ पाळावेत. इंग्लंडमध्ये १ जून १९३५ पासून परीक्षा सक्तीची झाली होती, आणि तेथील परीक्षेच्या कसोट्यांशी या यादीचे नाते उघड आहे. फरक एवढाच की, तेथे परीक्षेसाठी स्वतंत्र परीक्षकवर्ग निर्माण झाला, तर येथे परवाना देणारा अधिकारी अथवा त्याने नेमलेला मनुष्य हाच परीक्षक राहिला.

या परिशिष्टाच्या भाषेत एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. उमेदवाराने इतके गुण मिळवावेत असे तेथे म्हटलेले नाही. परीक्षा घेणाऱ्याचे ‘समाधान’ करावे असे म्हटले आहे. हा शब्द कायद्याच्या परिभाषेतला असून त्याचा अर्थ मर्जी असा नव्हे. पुरावा पाहून विवेकी मनुष्याची खात्री पटणे, हा त्याचा अर्थ. न्यायाधीश ज्याप्रमाणे साक्षीपुराव्याची बेरीज न करता त्याच्या एकूण वजनावरून निर्णय देतो, त्याप्रमाणे परीक्षकाने शेजारी बसून या मनुष्याच्या हाती रस्ता सोपवावा की नाही हे ठरवावयाचे. समाधानाच्या या तत्त्वात एक बळ होते. नऊ गोष्टी उत्तम करून दहावी जीवघेणी चुकविणाऱ्यास परीक्षक निःसंकोच परत पाठवू शके. त्याचबरोबर एक दुबळेपणाही होता. समाधान कशाने झाले हे परीक्षकावाचून कोणासच कळत नसे, आणि जे कळत नाही ते विकतही घेता येते.

येथे घाटातील दोन कृतींचे थोडे विवरण करणे आवश्यक आहे, कारण मूल्यमापनाचा सारा प्रश्न त्यांत एकवटलेला आहे. पहिली कृती चढणीवर थांबलेली गाडी मागे न सरकता पुढे काढण्याची. चालकाचे दोन पाय आणि तीन पायपट्ट्या, ही यातील मूळ अडचण. एक पाय क्लचवर गुंतलेला. दुसरा ब्रेकवर ठेवावा तर इंजिनास जोर देता येत नाही, आणि जोर द्यावा तर ब्रेक सुटतो. म्हणून हातब्रेक ओढून ठेवावयाचा, इंजिनाचा जोर वाढवीत क्लच हळूहळू सोडावयाचा, गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटले, इंजिनाचा आवाज जड झाला, की त्याच क्षणी हातब्रेक सोडावयाचा. हा क्षण कानाने व अंगाने ओळखावयाचा असतो. मागे भरलेली मालमोटार उभी असता चार हात मागे सरकणे म्हणजे काय, हे खंबाटकीत अडकून पडलेल्या कोणासही सांगावे लागत नाही.

दुसरी कृती उतरणीची, आणि ती पहिलीपेक्षा फसवी आहे. कारण उतरताना काही केले नाही तरी गाडी चालते. ज्या गिअरात घाट चढावा लागला असता त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक. खालच्या गिअरात इंजिनच गाडीस रोखून धरते. गिअर मोकळा सोडला तर सगळा भार ब्रेकवर पडतो. घर्षणाने ब्रेक तापतात, तापले की त्यांची पकड कमी होते, आणि पायाखाली पट्टी दबते पण गाडी थांबत नाही. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गिअर मोकळा सोडण्याची सवय मालमोटारवाल्यांत फार जुनी आहे. आणखी एक बाब शिष्टाचाराची. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी असा दंडक असून १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत तो लेखी आला. यामागील तर्क उघड आहे: चढणारा थांबला तर त्याला वर सांगितलेली पहिली कृती करावी लागते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियमही आले. त्यांतील नियम १५ हा चालकाच्या प्रत्यक्ष परीक्षेचा. १९३९ च्या यादीशी तुलना केली असता हा नियम तिच्या दुपटीहून मोठा आहे; त्याची उपकलमे इंग्रजी वर्णमालेच्या जवळजवळ अखेरपर्यंत जातात. आरसा नीट करण्यापासून आरंभ होतो, आणि उतारावर त्वरेने खालचा गिअर टाकणे व तीव्र चढणीवर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणे, या आपल्या दोन्ही कृती तेथे लागोपाठ आलेल्या आहेत. वाचकाने ही यादी स्वतः चाळावी, कारण तिच्यात तीन वेगवेगळ्या जातींचे ज्ञान सरमिसळ होऊन बसले आहे. काही कलमे हाताची आहेत: क्लच, गिअर, सुकाणू यांची. काही नियमांची आहेत: डावी बाजू, इशारे, चिन्हे. आणि काही विवेकाची आहेत: पादचारी व सायकलस्वार पुढे काय करतील याचा अंदाज बांधणे, प्रसंगावधान दाखविणे, आणि अगदी शेवटी, रस्त्यावरील इतरांविषयी सौजन्य दाखविणे. पहिल्या जातीचे ज्ञान मोकळ्या मैदानात दिसू शकते. दुसऱ्या जातीचे काही अंशी तोंडी विचारता येते. तिसऱ्या जातीचे ज्ञान मात्र रहदारीवाचून प्रकटच होऊ शकत नाही. रिकाम्या मैदानावर उमेदवाराने सौजन्य दाखवावे तरी कोणास?

आणि परीक्षा तर बहुधा मैदानावरच होऊ लागली. याचे कारण संख्येत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रादेशिक परिवहन कार्यालय, आणि इतर तालुक्यांसाठी ठरलेल्या दिवशी भरणारी शिबिरे, अशी महाराष्ट्रातील व्यवस्था. साताऱ्याचा नोंदणी क्रमांक एमएच-११. पुढे कराडकडे स्वतंत्र कार्यालय होऊन एमएच-५० हा क्रमांक आला, आणि सांगलीचा एमएच-१०. शिबिराच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकापुढे उमेदवारांची रांग असते. प्रत्येकाच्या शेजारी बसून त्याला गावातून, बाजारातून, घाटातून फिरवून आणावयाचे म्हटले तर दिवसाकाठी मोजकेच उमेदवार निघतील. म्हणून परीक्षक गाडीतून उतरला आणि मैदानाच्या कडेला उभा राहिला. ही हालचाल कोणत्याही अधिसूचनेत नोंदलेली नाही, पण परीक्षेच्या इतिहासातील ती एक मोठी घटना होय. शेजारी बसलेल्या परीक्षकास चालकाची नजर दिसते, त्याचा पाय क्लचवर विनाकारण टेकलेला आहे की नाही हे दिसते, आरशात पाहून वळला की वळून मग पाहिले हे दिसते. कडेला उभ्या असलेल्यास फक्त गाडीची वाट दिसते.

या स्थित्यंतराचे सर्वांत लोकप्रिय अपत्य म्हणजे ‘आठ’. दुचाकी घेऊन परीक्षेस गेलेल्या कोणासही विचारा, तो परीक्षेचे वर्णन ‘आठ काढला’ एवढ्या दोन शब्दांत करील. नियम १५ च्या मूळ यादीत आठाच्या आकड्याचा कोठेही उल्लेख नाही. तरीही हा आकडा परीक्षेचा पर्याय होऊन बसला, आणि तो उगाच नव्हे. थोड्या जागेत डावे व उजवे दोन्ही वळण येते. मंद वेगात तोल राखावा लागतो. पाय जमिनीस टेकला की नाही हे लांबूनही दिसते. आणि एका उमेदवारास अल्प वेळ पुरतो. कडेला उभ्या असलेल्या परीक्षकासाठी याहून सोयीची आकृती सुचणे कठीण. तथापि आठ काढणे आणि रस्त्यावर गाडी चालविणे यांत पाढे म्हणणे आणि हिशेब ठेवणे यांत आहे तेवढेच अंतर आहे.

अभिलेखांच्या दृष्टीने एक गोष्ट संशोधकांनी लक्षात घ्यावी. १९८९ च्या नियमांसोबत आलेल्या अर्जाच्या चौथ्या नमुन्याच्या अखेरीस परीक्षकाने भरावयाचा भाग आहे. उमेदवार उत्तीर्ण झाला तर कोणत्या वाहनावर व कोणत्या दिवशी परीक्षा झाली एवढे लिहून सही करावयाची. अनुत्तीर्ण झाला तर उणिवांचा तपशील द्यावयाचा. म्हणजे अपयशाचे कारण कागदावर यावे अशी योजना होती, यशाचे कारण मात्र कागदावर येण्याची सोयच नव्हती. ज्याला परत पाठविले त्याच्याविषयी काही माहिती राहावी, आणि ज्याच्या हाती रस्ता दिला त्याच्याविषयी काहीच राहू नये, हा उलटा न्याय इतिहासकारास अडचणीचा आहेच. प्रशासनासही तो अडचणीचा ठरावयास हवा होता. अनुत्तीर्ण उमेदवारास सात दिवसांनी पुन्हा परीक्षेस बसता येते, आणि तीन वेळा अपयश आल्यास पुढील प्रयत्नापूर्वी साठ दिवस थांबावे लागते, हा नियमही याच कायद्यातला. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची, आणि तो हाती आल्यावर किमान तीस दिवस गेल्यावाचून प्रत्यक्ष परीक्षा नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडा ‘एल’ लावून या दिवसांत सराव करावयाचा. त्या अक्षराची उंची-रुंदीदेखील नियमांत सेंटिमीटरांत दिलेली आहे. सरावात घाट असावा की नसावा याबद्दल मात्र तेथे अक्षरही नाही.

शिकाऊ परवान्यापूर्वीची ज्ञानपरीक्षा आरंभापासूनच गुणांची होती: साठ टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार पात्र. प्रत्यक्ष परीक्षेच्या मूळ नियमात अशी टक्केवारी नव्हती. तेथे जुन्या ‘समाधाना’चीच छाया होती. पुढे तेथेही अंक आला. मार्च २०२१ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरात केंद्रीय मंत्र्यांनी प्रत्यक्ष परीक्षेच्या उत्तीर्णतेसाठी ६९ टक्क्यांची मर्यादा सांगितली. समाधानाकडून बेरजेकडे झालेला हा प्रवास माझ्या मते या विषयातील मध्यवर्ती घटना आहे. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. समाधान अपारदर्शक असते, अंक पारदर्शक असतो. परीक्षकाच्या लहरीवर, ओळखीवर, मध्यस्थांच्या साखळीवर अंकाचा इलाज चालतो, आणि तो चालावयास हवाच होता. परंतु बेरजेचा एक अंगभूत धर्म असा की, तिच्यात भरपाई होते. एका ठिकाणी गमावलेले दुसऱ्या ठिकाणी मिळविता येते. आरसा, वळण, मागे घेणे, इशारे यांत जो पुरेसे गुण घेतो त्याची गाडी चढणीवर मागे सरकली तरी तो एकूणात तरून जाऊ शकतो. घाटात ही भरपाई नाही.

हा दोष अटळ आहे असे नव्हे. इंग्लंडच्या सध्याच्या पद्धतीत चुकांची प्रतवारी केलेली असते. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात; परंतु गंभीर अथवा धोकादायक अशी एकही चूक झाली की उमेदवार अनुत्तीर्ण, मग बाकीची गाडी त्याने कितीही सफाईने चालविलेली असो. येथे अंकही आहे आणि भरपाईस मर्यादाही आहे. आणि विशेष म्हणजे ही मोजणी करणारा परीक्षक अजून गाडीत, चालकाच्या शेजारी, खऱ्या रस्त्यावर बसलेला आहे. १९३९ मध्ये ज्या देशाच्या कसोट्या आपण जवळ केल्या त्याच देशाने पुढे अंकाचा प्रश्न कसा सोडविला, इकडे मात्र आपले लक्ष पुरेसे गेले नाही असे म्हणणे भाग आहे.

आपल्याकडे यापुढची पायरी यंत्राची. पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून आहे. त्या परिसरात चालक-प्रशिक्षण व संशोधनाची संस्था उभी राहिली आणि तेथील आखीव मार्गावर यंत्राच्या साहाय्याने परीक्षा घेतली जाऊ लागली. अशा मार्गावर कडेला संवेदक व कॅमेरे असतात. गाडीचे चाक रेषेस लागले, ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ लागला, गाडी मध्येच थांबली, तर यंत्र त्याची नोंद करते. आठाची वाट, एच अक्षराच्या आकाराची मागे घेण्याची वाट, आणि एक चढण, हे या मार्गांचे ठळक भाग होत. चढणीचा समावेश ही या पद्धतीची मोठीच कमाई मानली पाहिजे. जी कृती सपाट मैदानावर पाहणे अशक्य होते ती येथे पाहिली जाते, आणि गाडी मागे सरकली की नाही यावर वाद उरत नाही. परवाना मिळविण्याच्या व्यवहारातील ओळखीपाळखीस यंत्राने मोठा आळा घातला, हेही मान्य केले पाहिजे. तथापि कृत्रिम चढण ही काही गाडीलांबींची असते. तिच्यावरून एकदा निघणे आणि खंबाटकीत दोन मालमोटारींच्या मध्ये दहा वेळा थांबून निघणे यांत फरक आहे. उतरणीची कसोटी तर अशा मार्गावर होऊच शकत नाही, कारण ब्रेक तापण्यास मैलभर उतार लागतो.

योगायोग असा की, परीक्षेचे रूप ज्या काळात पालटत होते त्याच काळात खंबाटकीच्या घाटाचेही रूप पालटले. २००० साली बोगदा खुला झाला आणि साताऱ्याहून पुण्याकडे येणारी वाहतूक त्यातून जाऊ लागली; पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्यांस जुना घाट चढणे उरले. म्हणजे चढण आणि उतरण यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. समोरासमोर येणाऱ्या वाहनांचा धोका त्यामुळे गेला, व चढणाऱ्यास वाट देण्याचा जुना शिष्टाचार येथे निरुपयोगी झाला. परंतु बोगद्यातून बाहेर पडल्यावर खंडाळ्याच्या बाजूस जो उतार लागतो त्यावर इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे दुहेरी वळण आहे, आणि त्या वळणाने अपघातांची दुःखद ख्याती मिळविली. १० एप्रिल २०१८ रोजी पहाटे कर्नाटकातील मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो तेथे उलटला व १८ माणसे प्राणास मुकली. एका विशिष्ट अपघाताचे खापर चालक-परीक्षेच्या पद्धतीवर फोडणे हे शास्त्रशुद्ध होणार नाही. रस्त्याची आखणी, मालाच्या गाडीतून माणसे नेण्याची प्रथा, रात्रीचा प्रवास, अशी कारणांची गुंफण अशा वेळी असते. आखणीचा दोष प्रशासनानेही ओळखला आणि नव्या जोडबोगद्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. पण उतार आणि वळण एकत्र आले असता वेग कोठे व कसा कमी करावयाचा, हे ज्ञान नियम १५ च्या कोणत्या कलमात बसते आणि ते कोणी कधी तपासले, हा प्रश्न या स्थळी उभा राहून विचारणे अप्रस्तुत नाही.

परीक्षा कोण देऊ शकतो, याच्या अटीही या काळात बदलत गेल्या. प्रवासी व मालवाहू वाहनांच्या चालकास वीस वर्षे वयाची अट १९३९ पासून आहे. आठवी उत्तीर्ण असण्याची अट मध्यंतरी होती. ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. अक्षरज्ञानाचा आणि घाट उतरण्याचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर जुन्या उस्तादांनी एका वाक्यात दिले असते. परंतु रस्त्यावरील फलक वाचता येणे हीही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही, म्हणून या वादात मी कोणत्याही एका बाजूस पूर्णपणे उभा राहू शकत नाही.

अखेरची घटना २०२१ ची. त्या वर्षीच्या जुलैपासून मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रांची योजना अमलात आली. अशा केंद्रात अभ्यासक्रम पुरा करून तेथील परीक्षा उत्तीर्ण होणारास परिवहन कार्यालयातील प्रत्यक्ष परीक्षेतून सूट मिळते. हलक्या मोटारीसाठी हा अभ्यासक्रम चार आठवड्यांत एकोणतीस तासांचा: आठ तास वर्गात व एकवीस तास चाकावर. १९८९ च्या नियमांनी प्रशिक्षण शाळांस घातलेली मर्यादा किमान दहा तास चालविण्याची होती. तिच्याशी तुलना केली म्हणजे वाढ ध्यानात येते. या एकवीस तासांच्या विभागणीत शहरी व ग्रामीण रस्ते, महामार्ग, गाडी मागे घेणे व उभी करणे यांच्या जोडीला चढण व उतरण यांवरील चालन असा स्वतंत्र विषय दिलेला आहे. सरावात घाट असावा ही गोष्ट येथे लेखी आली.

मात्र त्याचबरोबर शिकविणारा व परीक्षा घेणारा एकाच छपराखाली आले, आणि १९३९ पासून कायद्याने जी फारकत जपली होती ती मिटली. उस्ताद व किन्नर यांच्या काळात ही फारकत नव्हतीच. शिकविणाराच पारख करी, आणि पारख चुकली तर घाटात तो स्वतः त्या गाडीत असे. नव्या केंद्रांच्या मान्यतेची मुदत पाच वर्षांची असून ती मुदत संपल्यावर नूतनीकरण व्हावयाचे असते. त्या वेळी केंद्राची जागा, वाहने, आखीव मार्ग व उपकरणे तपासली जातील हे उघड आहे. तेथून उत्तीर्ण झालेले चालक पुढे खंबाटकीत, सालप्यात किंवा पसरणीच्या वळणांवर कसे चालवितात, याची नोंद त्या तपासणीत कोठे घ्यावयाची, याचा रकाना अद्याप कोणत्याही नमुन्यात माझ्या पाहण्यात आलेला नाही.